रंगाखालचं सागवान

पाडलेल्या वाड्याच्या सामानातून किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या कपाटावर बहुतेकदा ऑइलपेंटचे तीन-चार हात असतात. वर क्रीम, त्याखाली हिरवा, त्याखाली राखाडी. कुणाच्या लग्नाला, कुठल्याशा दिवाळीला घर उजळायचं म्हणून दिलेले. एवढं सुंदर सागवान झाकलं म्हणून त्या माणसांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही. दमट हवेत त्यांनी ते आपल्या परीनं राखलं, म्हणून तर ते आपल्या दारात आलं.

आता रंग काढायचा म्हटलं की घाई होते. मशीनला पॉलिश पेपर लावून घासलं की काम लवकर उरकतं, हे खरं. पण रंग कुठे संपला आणि लाकूड कुठे सुरू झालं, हे पेपरला कळत नाही. वर्षानुवर्षं उजेड आणि हवा लागून सागवानाला मधासारखा रंग चढतो, आणि तो असतो अगदी वरच्या पातळ थरात. तेवढा घासून गेला की खालून फिकट, कोरं लाकूड निघतं. नक्षीच्या कडाही बोथट होतात. कॉस्टिक सोड्यानं रंग सुटतो, पण सागवान काळवंडतं आणि सांध्यांतला सरस सैल पडतो. काढायचं ते नंतर चढवलेलं. लाकडाचं वय लाकडाकडेच राहू द्यावं.

त्यासाठी थांबावं लागतं. पेंट रिमूव्हरचा जाडसर हात द्यायचा, रंग फुगून सुरकुतला की बोथट पत्रीनं रेषांच्या दिशेनं उचलायचा. नक्षीत बांबूची काडी. आणि हे सगळं मोकळ्या हवेत. काही रिमूव्हरमधल्या मिथिलीन क्लोराइडची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद खोलीत ती साचून माणसं दगावली आहेत.

रंगाच्या धुळीची मला याहून जास्त काळजी वाटते. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असेल असंच धरून चालावं. तो रंग कोरडा घासू नये, हीट गननं तापवू नये, आणि काम चालू असताना लहान मुलांना जवळ फिरकू देऊ नये.

कपाटावर रंग नसून नुसतं काळपटलेलं पॉलिश असेल, तर गोष्ट वेगळी. पूर्वीचं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. वाळल्यावरही ती स्पिरिटनं पुन्हा मऊ होते, आणि जाणकार पॉलिशवाला तीच लाख कापडाच्या बोळ्यानं पसरवून पुन्हा चकाकी आणतो. म्हणून पत्री हातात घेण्याआधी कपाटाच्या मागच्या बाजूला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस फिरवून पाहा. पॉलिश चिकट होऊन कापसावर तपकिरी उतरलं, तर ती लाख आहे. ती खरवडू नका.