सायकलचं सुख कुणाचं?

पुण्याला एकेकाळी सायकलींचं शहर म्हणत. आज मी सायकलने हिंजवडीला ऑफिसला जातो, तर लोक कौतुक करतात. आमच्या गेटवरचे सिक्युरिटीवाले काकाही सायकलनेच येतात. त्यांचं कौतुक कुणी करत नाही.

इव्हान इलिच यांनी १९७४ साली मांडलं होतं, की सायकलस्वार चालणाऱ्याच्या तिप्पट-चौपट वेगाने जातो आणि ताकद मात्र एक पंचमांशच लागते. हे गणित कुणाचा पगार विचारत नाही. चढ संपल्यावर अंगाला लागणारा वाराही दोघांना सारखाच. फरक एवढाच, की मुसळधार पावसात मी कॅब बोलावतो. माझ्या सुखातला अर्धा वाटा सायकलचा आहे, उरलेला 'आज नको' म्हणता येण्याचा. तो वाटा काकांकडे नाही. म्हणून माझ्या सायकलला साधी राहणी म्हणणं मला पटत नाही.