अन्नाचें माप आणि अन्नाचें मोल

अन्नाचें माप आणि अन्नाचें मोल हीं एकच कीं भिन्न, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाहीं. सावित्रीच्या खोऱ्यांत, महाडच्या सखल भूमीवर भात पिकतो; पोलादपूरच्या डोंगरउतारांवरील वरकस जमिनींत नाचणी व वरी. भाताला प्रतिष्ठा आणि नाचणीची भाकरी गरिबाची, असा समज पिढ्यानपिढ्या चालत आला.

ह्या समजाला प्रयोगशाळेनें धक्का दिला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम नोंदलें आहे. तितक्याच सडलेल्या पांढऱ्या तांदळांत तें दहा मिलिग्रॅमही भरत नाहीं. धान्याचें पृथक्करण करतांना तें कोणाच्या शेतांतलें वा कोणाच्या ताटांतलें, हा प्रश्नच उद्भवत नाहीं. मापाचें नैतिक सामर्थ्य हेंच कीं, तें प्रतिष्ठेला ओळखीत नाहीं.

अन्नाबरोबर पाणीही आलेंच. ह्याच महाडांत २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचें पाणी प्याले, आणि मागाहून कांहीं सनातन्यांनीं पंचगव्य ओतून तें तळें ‘शुद्ध’ केलें! माणसाच्या ओंजळीनें पाणी विटाळतें आणि शेणानें पवित्र होतें, ही गोष्ट कोणत्याही रसायनशाळेंत सिद्ध होणारी नव्हती. परंतु तेथें अज्ञानापेक्षां अहंकार मोठा होता; म्हणूनच तो प्रश्न सुटण्यास रसायनशाळा पुरली नाहीं, १९३७ सालीं उच्च न्यायालयाचा निकाल लागला.

येथेंच मापाची मर्यादाही दिसते. नाचणींतील फायटेटमुळें तिच्यांतील सगळें कॅल्शियम शरीरास लाभत नाहीं. मोड आणल्यानें वा आंबविल्यानें हा अडथळा कमी होतो. कोष्टकांतील आंकडा आणि अंगीं लागणारें अन्न ह्यांत असें अंतर असतें. त्याहून मोठें अंतर ताटाताटांत असतें. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या गृहिणीच्या वाट्यास किती भाकरी उरते, हें शंभर ग्रॅमांचें कोष्टक सांगत नाहीं. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें आणि शहरांतून नाचणीचें कौतुक झालें. परंतु धान्याचा मान वाढला म्हणजे तें पिकविणाऱ्याचाही वाढतो, असें नव्हे.

माप खोटी प्रतिष्ठा मोडूं शकतें. न्याय्य वांटणी तें करूं शकत नाहीं. तें काम वाढणाऱ्या हाताचें आहे, आणि त्या हातानें कोष्टक पाहिल्यावर पंगतीकडेही पाहिलें पाहिजे.