यजमान नसलेले घर

वाचकहो, मे महिना उजाडला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातील घराघरांत एक नवी चर्चा सुरू होते. शाळांच्या परीक्षा संपलेल्या असतात, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि मुले विचारू लागतात, "यंदा कोठे जायचे?" कोणी कोकण म्हणतो, कोणी महाबळेश्वर, कोणी हैदराबाद. मग मोबाइल हाती घेऊन हॉटेलांचा शोध चालतो. भाडे किती, खोली वातानुकूलित आहे का, सकाळचा नाश्ता भाड्यात धरला आहे का, पोहण्याचा तलाव आहे का, या प्रश्नांवर घरातील लहानथोर आपापले मत देतात. या साऱ्यात धर्माचा संबंध तो कोठे येतो, असे आपणास वाटणे स्वाभाविक आहे. हलाल जेवण आणि नमाजेपुरती स्वच्छ जागा मिळाली की जबाबदारी संपली, अशी आपली समजूत असते.

परंतु पवित्र कुरआनने मुक्कामाच्या जागेविषयी मौन बाळगलेले नाही. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरी जाण्याचे शिष्टाचार सांगितले आहेत. घरच्यांची अनुमती घेतल्याशिवाय आणि त्यांना सलाम केल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, परत जा म्हटले तर परत जावे, अशी ती शिकवण आहे. त्यानंतर लगेच, एकोणतिसाव्या आयतीत, एक सवलत येते. ज्या घरांत कोणी राहत नाही आणि जेथे तुमच्या उपयोगाची काही वस्तू आहे, अशा घरांत प्रवेश करण्यात दोष नाही. अनेक भाष्यकारांनी येथे वाटेवरच्या सरायांचे, म्हणजे प्रवाशांसाठी उघड्या असलेल्या मुक्कामांचे उदाहरण दिले आहे. त्या आयतीचा शेवट मात्र लक्षपूर्वक वाचावा. तुम्ही जे प्रकट करता तेही आणि जे लपविता तेही अल्लाह जाणतो, असे तेथे सांगितले आहे.

सरायीची परवानगी देताना ही आठवण का करून दिली असावी? थोडा विचार केला तर उमगते. नातलगाच्या घरी आपण उतरतो तेव्हा यजमानाची नजर आपल्यावर असते. त्याच्यासमोर आपण आवाज चढवीत नाही, पाणी सांडत नाही, ताटात अन्न टाकत नाही. सरायीत असा यजमान नसतो. तेथे आपणास कोणी ओळखत नाही, आपण पैसे मोजलेले असतात आणि दार आतून लावता येते. यजमानाची लाज जेथे उरत नाही, तेथे माणसाचे खरे चारित्र्य उघडे पडते. म्हणूनच यजमान नसलेल्या घराच्या दारावर कुरआनने अल्लाहच्या ज्ञानाची आठवण ठेवली आहे. आजचे हॉटेल हे असेच घर आहे.

इस्लामी इतिहासात अशी घरे फार जुनी आहेत. अरबी भाषेत आजही हॉटेलला 'फुंदुक' म्हणतात. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्ने बतूता याने इजिप्तहून शामकडे जाणाऱ्या वाटेवर प्रत्येक मुक्कामी प्रवाशांसाठी खान असल्याचे आणि त्याच्या बाहेर पाण्याची सोय असल्याचे लिहून ठेवले आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना हा याच परंपरेतला. त्याहून पूर्वी, हिजरी 99 ते 101 या अल्पकाळात खलीफा असलेल्या उमर बिन अब्दुल अझीझ यांनी समरकंदच्या आपल्या अधिकाऱ्याला सराया बांधण्याची आज्ञा केली होती. येणाऱ्या प्रवाशाला एक दिवस-रात्र ठेवून घ्यावे आणि त्याच्या जनावरांची काळजी घ्यावी. प्रवासी आजारी असेल तर दोन दिवस-रात्री ठेवावे. ज्याचे पाथेय संपले आहे त्याला घरी पोचण्यापुरते साहित्य द्यावे. या आज्ञेतील हिशेब पाहा. मुक्काम धडधाकट आणि सधन प्रवाशाच्या सोयीने आखलेला नाही. आजारी, अडलेला आणि मुके जनावर यांच्या गरजेने तो आखला आहे.

हॉटेल निवडताना आपण कोणाच्या गरजेने निवडतो, हा मला या विषयातील खरा नैतिक प्रश्न वाटतो.

त्याआधी एक प्रश्न सोडविला पाहिजे. हॉटेलात उतरावेच का? आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सोलापूरहून नळदुर्ग, उमरगा मार्गे हैदराबादला जाणारा रस्ता आपल्या कितीतरी कुटुंबांच्या नात्यागोत्याचा रस्ता आहे. एके काळी हैदराबादला जाणे म्हणजे खालाकडे किंवा मामूंकडे जाणे असे. गच्चीवर अंथरुणे पडत, रात्री उशिरापर्यंत गप्पा चालत. आता आपण हॉटेल ठरवितो आणि परतीच्या दिवशी अर्धा तास भेटून येतो, किंवा शहरात येऊन गेल्याचे कळूही देत नाही. दुसरीकडे असेही घडते की दोन खोल्यांच्या घरात सात-आठ माणसे आठवडाभर उतरतात. घरची गृहिणी चुलीपासून हलत नाही आणि महिन्याचे धान्य पंधरा दिवसांत संपते.

या दोन्ही टोकांवर प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण पुरेशी स्पष्ट आहे. पाहुण्याचा सत्कार करणे हे ईमानाशी जोडलेले आहे आणि पाहुणचाराची मुदत तीन दिवस आहे. त्याच हदीसमध्ये पाहुण्यालाही बजावले आहे की यजमान अडचणीत येईल इतका काळ त्याच्याकडे राहणे त्याला वैध नाही. तेव्हा नातलगाचे घर लहान असेल, त्याची प्रकृती किंवा कमाई बरी नसेल, तर हॉटेलात उतरणे हा त्याच्यावर केलेला उपकारच ठरेल. पण मग त्याला आधी कळवावे, भेटीला सवडीने जावे आणि एखादे जेवण आपल्याकडून ठेवावे. नाते टाळण्यासाठी घेतलेली खोली आणि नात्याचा भार हलका करण्यासाठी घेतलेली खोली यांचे भाडे सारखेच असते. फरक नियतीचा, आणि तो अल्लाहला ठाऊक असतो.

आता खर्चाकडे वळू. सूरह फुरकानमध्ये रहमानच्या दासांचे एक लक्षण सांगितले आहे. ते उधळपट्टीही करीत नाहीत आणि हात आखडूनही धरीत नाहीत. त्यांचा खर्च या दोहोंच्या मध्ये असतो. सूरह बनी इस्राईलमध्ये नातलग, गरजू आणि वाटसरू यांचा हक्क देण्याची आज्ञा आहे आणि त्याच आयतीत उधळपट्टीची मनाई आहे. शेजाऱ्याच्या मुलांनी तलावाकाठचे फोटो दाखविले म्हणून कर्ज काढून महागडे हॉटेल घेणे ही उधळपट्टी होय. कुटुंबाला सुख देणे गैर नाही, दाखविण्यासाठी सुख विकत घेणे गैर आहे. पण कंजूषीचा दोषही तितकाच ध्यानात ठेवावा. दोनशे रुपये वाचविण्यासाठी गुडघे दुखणाऱ्या दादीअम्मांना तिसऱ्या मजल्यावर जिन्याने चढविणे, किंवा वर्षभर स्वयंपाक करणाऱ्या पत्नीला सुटीतही खोलीत स्टोव्ह पेटवायला लावणे, याला काटकसर म्हणता येणार नाही.

ह. जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार प्रवासात प्रेषित (स.) काफिल्याच्या मागे राहत असत. जो दुर्बल असे त्याचे जनावर पुढे हाकण्यास मदत करीत, त्याला आपल्या मागे बसवून घेत आणि त्याच्यासाठी दुआ करीत. वास्तविक नेत्याची जागा पुढे. पण मागे कोण राहिले हे मागूनच दिसते. कुटुंबप्रमुखाने हॉटेल निवडताना हीच जागा घ्यावी. तळमजल्यावर खोली मिळेल का, लिफ्ट आहे का, म्हाताऱ्या माणसाला बसता येईल असे शौचालय आहे का, हे प्रश्न पोहण्याच्या तलावाच्या आधी विचारावेत.

काफिल्याच्या शेवटी आणखी एक माणूस असतो, ज्याची मोजदाद आपण करीतच नाही. तो म्हणजे भाड्याच्या गाडीचा चालक. आपण थंड खोलीत झोपतो आणि तो गाडीची काच थोडी खाली करून, सीट मागे पाडून, डास मारीत रात्र काढतो. "त्याला रात्रीचा भत्ता दिला आहे, पुढचे तो जाणे," असे आपण म्हणतो. व्यवहाराच्या दृष्टीने हे उत्तर पूर्ण आहे. पण तो भत्ता घरच्या मुलांसाठी वाचविण्याचा मोह त्याला होणारच, हे आपणासही माहीत असते. ह. अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) हाताखालच्या माणसांविषयी शिकविले की ते तुमचे भाऊ आहेत, आपण खातो ते त्यांना खाऊ घालावे आणि त्यांच्या शक्तीपलीकडचा भार त्यांच्यावर टाकू नये. चालक आपला गुलाम नाही, त्याची सेवा आपण मोबदला देऊन घेतो. तेव्हा त्याचा मान अधिकच राखला पाहिजे. खोली ठरवितानाच चालकाच्या निजण्याची आणि आंघोळीची काय सोय आहे, हे विचारावे. तशी सोय नसेल तर थोडे साधे पण सोय असलेले हॉटेल घ्यावे. शिवाय दुसऱ्या दिवशी घाटातून आपली मुले त्याच्याच हाती असतात. त्याची झोप ही आपलीही गरज आहे.

परिसराविषयी थोडे. ज्या दस्तरखानावर दारू फिरते तेथे बसू नये, असे हदीसमध्ये आले आहे. खाली परमिट रूम आणि वर 'फॅमिली रूम' अशी पाटी असलेली ठिकाणे आपल्या महामार्गांवर पुष्कळ आहेत. मुलींना घेऊन रात्री त्या जिन्यावरून जाण्यापेक्षा दहा किलोमीटर पुढे गेलेले बरे. हलाल मांसाची खात्री नसेल तर शुद्ध शाकाहारी हॉटेल हा आपल्या महाराष्ट्रात सहज मिळणारा मार्ग आहे. त्यात कमीपणा मानू नये. प्रवासात चार रकअतींच्या फर्ज नमाजा दोन रकअतींवर आणण्याची सवलत आहे. एवढी सवलत असताना नमाज बुडविण्याचे निमित्त उरत नाही.

खोलीचे दार लावल्यानंतरची परीक्षा पाण्याची असते. आपण पाण्याचे मोल जाणणाऱ्या मुलखातील माणसे आहोत. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. घरी टँकरच्या पाण्याचा हंडा जपून वापरणारी हीच माणसे हॉटेलात शॉवर सुरू ठेवून दात घासतात, कारण भाडे भरलेले असते. ह. अनस (रजि.) सांगतात की प्रेषित (स.) एका मुद पाण्यात वुजू आणि एक साअ ते पाच मुद पाण्यात गुस्ल करीत. एक साअ म्हणजे चार मुद. आजच्या मापाने पुरे स्नान साधारण तीन लिटरांच्या आसपास. तेवढ्यात आपले भागणार नाही, हे मान्य. पण भाडे भरल्याने पाणी आपले होत नाही, ते त्या गावचे असते. चादरीवर सांडलेली हळद, जमिनीवर टाकलेली साले, ओले टॉवेल हे सारे उचलणारा हात कोणाचा तरी असतो. निघताना खोली आवरून ठेवणे, झाडणाऱ्या बाईच्या हाती काही ठेवणे आणि तिचे आभार मानणे, हे मुलांच्या देखत करावे. प्रवचनापेक्षा ते अधिक काळ स्मरणात राहते.

एक कटू प्रसंगही टाळता येत नाही. खोली आहे असे सांगून, नाव ऐकल्यावर किंवा ओळखपत्र पाहिल्यावर "खोली शिल्लक नाही" असे उत्तर काहींना मिळते. मुले शेजारी उभी असतात तेव्हा ते उत्तर अधिक लागते. अशा वेळी सूरह कहफमधील प्रसंग आठवावा. ह. मूसा (अलै.) आणि ह. खिज्र (अलै.) एका वस्तीत पोचले, त्यांनी अन्न मागितले आणि वस्तीने त्यांचा पाहुणचार करण्यास नकार दिला. तरीही खिज्र यांनी तेथील पडायला आलेली भिंत विनामोबदला उभी केली, कारण तिच्याखाली दोन अनाथ मुलांचा ठेवा होता. नकार अन्याय्यच होता, आणि आज असा अन्याय झाला तर सनदशीर मार्गाने तक्रार करण्याचा हक्क आपणास आहे. मात्र नकार देणाऱ्या वस्तीतही अनाथ असतात, हे त्या दोघा प्रवाशांनी विसरू दिले नाही.

आणि आपली वस्ती कशी आहे? कोजागरीच्या सुमारास सोलापूरकडून तुळजापूरला हजारो माणसे पायी जातात. पावसाळ्यात नळदुर्गचा किल्ला आणि पाणीमहालावरून कोसळणारे पाणी पाहायला दूरदूरची कुटुंबे येतात. सूरह निसामध्ये वाटसरूशी सद्वर्तन करण्याची आज्ञा आहे आणि तेथे वाटसरूचा धर्म विचारलेला नाही. ज्या सौजन्याची अपेक्षा आपण परगावच्या हॉटेलात करतो, ते आपल्या दुकानासमोर थांबलेल्या तहानलेल्या माणसाला मिळते का, हेही स्वतःस विचारावे.

वाचकहो, यंदाही सुटी येईल, मोबाइलवर खोल्यांची चित्रे झळकतील. आनंदाने जा, अल्लाहची धरती पाहण्यासाठीच आहे. फक्त खोली ठरविण्यापूर्वी घरातील सर्वांत थकलेल्या माणसाला विचारा, चालकाची निजायची जागा विचारा, आणि किल्ली परत देताना मागे वळून एकदा त्या खोलीकडे पाहा. तेथे यजमान नव्हता, परंतु साक्षीदार होता.

अल्लाह आपले प्रवास सुखरूप करो आणि एकांतातही लोकांतासारखेच वागण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना देवो. आमीन.