दसऱ्यानंतरच्या वाटा

"आता काय, सीझन संपला." दिवा-रोहा गाडीतून उतरलेले एक ओळखीचे गृहस्थ हे वाक्य सहज बोलून गेले आणि ते काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. गृहस्थ ठाण्याचे. पावसाळाभर रविवारी तरुणांच्या तुकड्या घेऊन सह्याद्रीत हिंडतात, पोरांना नीट सांभाळून नेतात आणतात. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण दसरा तोंडावर आलेला, आभाळ निवळलेलं, कुंडलिकेच्या दोन्ही अंगांना हळवं भात पिवळं पडलेलं, अवचितगडाचा माथा बोट ठेवून दाखवावा इतका स्पष्ट, आणि हा जाणता माणूस म्हणतो, संपला.

पहिला विचार मनात आला तो असा, की संपला म्हणताय तर संपू दे. चार महिने तुम्ही आलात, आता डोंगर आमचे आम्हाला राहू द्या.

पावसाळी गर्दीबद्दल नव्याने सांगण्यासारखं काही नाही. धबधबे, गाड्यांच्या रांगा, दरडी, मग जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीआदेश, हे रायगडात राहणाऱ्याला पाठ आहे. भिऱ्याजवळच्या देवकुंड धबधब्याची हीच कथा तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक झाली. मला बोलायचं आहे ते पाऊस ओसरल्यापासून गवत वाळून वणवे लागेपर्यंतच्या दिवसांबद्दल. आश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष. फाल्गुन-चैत्रात इकडच्या डोंगरांत चला असं मी कुणालाही म्हणणार नाही. भिऱ्यातच 2017 च्या मार्चअखेरीस पारा 46.5 अंशांवर गेल्याची नोंद आहे. म्हणजे चालायला खरे दिवस उरतात ते एवढेच. आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. मराठी फौजा पावसाळा छावणीत काढायच्या आणि दसऱ्याचं सीमोल्लंघन करून बाहेर पडायच्या, कारण तोवर नद्यांना उतार पडलेला असे, वाटा सुकलेल्या असत आणि जनावरांना चारा उभा असे. रोह्यात धावीर महाराजांची पालखीही ह्याच सुमारास निघते, पोलिसांची सशस्त्र मानवंदना घेऊन. जो काळ निघण्याचा, त्याला आपण संपण्याचा ठरवून बसलो आहोत.

ठाण्याच्या गृहस्थांशी मग माझा वाद झाला. त्यांचं पहिलं म्हणणं उन्हाचं. ते मला मान्य आहे. ऑक्टोबरचं कोकणातलं ऊन माणसाला पिळून काढतं. पहाटे निघावं आणि ऊन तापायच्या आत माथा गाठावा, ह्याखेरीज त्याला उत्तर नाही. पण "आता बघण्यासारखं काय उरलंय?" हे त्यांचं दुसरं म्हणणं मी मुळीच मान्य करत नाही. आषाढात गडावर जाऊन माणूस बघतो काय? ढग बघतो, पुढच्याची पाठ बघतो. आश्विनात अवचितगडावरची द्वादशकोनी विहीर बाराही कोन मोजत बघता येते. दरवाजाजवळचं शरभाचं शिल्प बघता येतं. शके 1718 चा, म्हणजे 1796 सालचा शिलालेख तिरप्या उन्हात निवांत लावत बसता येतो. वाटेत मोज्यांना कुसळं लागतात म्हणून लोक वैतागतात. त्यातलं एक कुसळ हातात घेऊन बघावं. एका टोकाला सुई, मागे काळपट, पीळ पडलेलं शेपूट. तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब सोडला की पीळ सुटू लागतो, शेपूट गोल फिरतं आणि सुई रुतायला जागा शोधते. दवाने भिजायचं, उन्हाने वाळायचं, पुन्हा भिजायचं, असं करत ते बी स्वतःला जमिनीत पेरून घेतं. हे बघण्यासारखं नाही असं म्हणणाऱ्याशी मी किती भांडू?

माथ्यावरून कुंडलिका दिसते. तिची गोष्ट ओघात आली आहे तर सांगून टाकतो. ह्या दिवसांत डोंगरातले ओहोळ बारीक होत जातात, पण कुंडलिका वाहती असते, कारण तिच्यातलं पुष्कळसं पाणी तिचं नाहीच. ते मुळशीचं आहे. निसर्गाच्या मनात ते मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जायचं होतं. टाटांनी मुळशीला धरण बांधलं, त्याविरुद्ध 1921 मध्ये सेनापती बापटांचा सत्याग्रह झाला, गावं बुडायची ती बुडाली, आणि 1927 मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. तेव्हापासून ते पाणी घाटाच्या कड्यावरून नळांतून खाली येतं, वीज देतं आणि कुंडलिकेला मिळून रेवदंड्याच्या खाडीकडे जातं. कोलाडला राफ्टिंगची माणसं आभाळाकडे बघत नाहीत, भिऱ्याहून पाणी कधी सुटेल ते बघतात. धाटावचे कारखाने ह्या नदीच्या आधारानेच उभे राहिले. माणसाने नदीचा हंगाम बदलला. वाटेचा हंगाम मात्र असा कुणाला बदलता येत नाही. तिला पायच लागतात.

डोंगर चढणाऱ्यांत मी नेहमीच दोन जाती मानत आलो. एक कामाने चढणारे, दुसरे हौसेने चढणारे. कामाने चढणारा गवताला जातो, फाट्यांना जातो, राबासाठी कवळ तोडायला जातो, गुरामागे जातो. डोंगरावर आधी हक्क त्याचा, अशी माझी धारणा, आणि ती हवेतून आलेली नाही. आपल्याच जिल्ह्यातली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली गोष्ट आहे. 25 सप्टेंबर 1930, नवरात्रातला दिवस. उरण तालुक्यातल्या चिरनेरचे आणि आसपासचे लोक जंगल कायदा मोडायला कोयते-कुऱ्हाडी घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर चढले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ जण हुतात्मा झाले. त्यांत नाग्या महादू कातकरी हा आदिवासी तरुण होता. सरपणासाठी डोंगर चढण्याची किंमत ज्यांनी प्राणांनी मोजली, त्यांच्यापुढे रविवारची हौस घेऊन उभं राहायला मला नेहमी संकोच वाटत आला आहे.

ह्याच तराजूने गृहस्थांना तोलावं म्हणून मी बसलो, आणि तिथेच मला आणखी एक डोंगर आठवला. चिरनेरनंतर दोन वर्षांच्या आत, 24 एप्रिल 1932 ला, इंग्लंडात मँचेस्टरच्या बाजूने शेकडो तरुण कामगार किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर चढले. डोंगर जमीनदारांचा, शिकारीसाठी राखलेला. पाच जणांना तुरुंगवास झाला. त्यांना तिथून ना मोळी आणायची होती, ना गवत. आठवडाभर धुरात काम करून एक दिवस मोकळ्या वाऱ्यात चालायचं होतं, एवढंच. त्यांची हौस हीच त्यांची मागणी होती. ती मागणी क्षुद्र होती असं मला म्हणवत नाही. मग ठाण्या-डोंबिवलीच्या चाळीतून आणि फ्लॅटमधून लोकलला लोंबकळत जाणाऱ्या पोराची हौस मी कोणत्या तोंडाने क्षुद्र म्हणू?

आणि कामाने चढणारे तरी आता कुठे आहेत? चुलीच्या जागी गॅस आला. गुरं कमी झाली. राब भाजणारे कमी झाले. पोरं शाळेला, मोठी माणसं धाटावला किंवा पनवेलला. ज्यांच्या हक्कासाठी मी हौशांना दूर ठेवू पाहत होतो त्यांनी डोंगरात जाणं सोडलं, आणि ते बरंच झालं. डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईला पुन्हा ते कर असं कोण सांगेल? पण वाट त्यांच्याच पायांनी जिवंत होती. आज आश्विनात एखाद्या आडवाटेला लागलं की गवत छातीपर्यंत येतं, कारवीच्या काड्या आडव्या होतात, आणि दोन झाडांच्या मधोमध, बरोबर वाटेवर, हाताएवढ्या पायांच्या काळ्या-पिवळ्या कोळिणीचं जाळं ताणलेलं असतं. सोनेरी झाक असलेले धागे, बोटाने ओढले तर तटकन ताण देणारे. जाळं शाबूत आहे ह्याचा अर्थ इथून आज कुणी गेलेलं नाही. पुढच्या वळणावर दुसरं शाबूत, त्याच्या पुढे तिसरं. मग वाट दिसेनाशी होते. गावात विचारावं तर म्हातारे सांगतात, "ती मोडली." अवचितगडाला मेढ्याकडून वाट आहे, पिंगळसईकडून आहे, पडमकडून आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष मानला आहे. शत्रूने न लावलेला तो दोष आपण नुसतं न चालल्याने गडांना लावणार आहोत. अवचितगडाला माणसं तरी येतात. घोसाळगड, सुरगड, तळगड, पेणकडचा सांकशी, मिरगड ह्यांच्या आडवाटांचं काय?

म्हणून डोंगर आमचे आम्हाला राहू द्या, हे मी आता म्हणत नाही. उलट म्हणतो, पावसात थोडे कमी या, पण दसऱ्यानंतर या. हौशांचे पाय आता कामाचे आहेत. कुणी म्हणेल, त्यापेक्षा सरकारकडून पायऱ्या आणि रेलिंग करून घ्या. नको. सिमेंटची पायरी एकच वाट जिवंत ठेवते आणि बाकीच्या सगळ्यांना मारते. शिवाय तिच्यावरून जाणाऱ्याला गावातल्या कुणाला काही विचारावंच लागत नाही.

ह्यात एक अडचण आहे आणि ती खरी आहे. गवतातून वाट काढायला पुढे कोयता घेतलेला गावचा माणूस हवा, आणि नेमक्या ह्याच दिवसांत तो भातात वाकलेला असतो. हळवं दसऱ्याच्या आगेमागे कापतात, गरवं दिवाळीच्या आसपास, मग बांधणी, उडव्या, झोडणी. त्या घाईत "दादा, जरा वाट दाखवता का" म्हणत कुणाच्या खळ्यावर उभं राहणं बरं नव्हे. तेव्हा आश्विनात मळलेल्या वाटेने जावं, आणि मोडत आलेल्या वाटा कार्तिकाच्या उत्तरार्धात, झोडणी उरकल्यावर घ्याव्या. गावात आठवडाभर आधी निरोप द्यावा. कोयतेवाल्याला शेतावर मिळते त्याहून कमी मजुरी देऊ नये, आणि ती माणशी वर्गणीत आधीच धरावी, म्हणजे उतरल्यावर घासाघीस होत नाही. गवत लागतं तेवढंच, वाटेपुरतं कापावं. जाळू कधीच नये. आणि एकच तुकडी एकदा येऊन भागायचं नाही. एका रविवारी तुडवलेलं गवत दोन आठवड्यांत पुन्हा उभं राहतं. मार्गशीर्षापर्यंत दर पंधरवड्याला कुणी ना कुणी त्याच वाटेने गेलं, तर पुढच्या वर्षी ती शोधावी लागणार नाही.