रिकामा आकडा

गेल्या रविवारी झाडांच्या बाजारात एका विक्रेत्यानं मला जरा बाजूला बोलावलं. मांडणीतल्या फॅलेनॉप्सिस आणि डेंड्रोबियमपाशी मी बराच वेळ रेंगाळले होते, तेव्हा बाई नुसती बघून जाणारी नाही हे त्यानं ताडलं असावं. टेम्पोमागून त्यानं एक ओलं गोणपाट आणून उलगडलं. आत आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे, सात-आठ झुबके होते. लांब, पन्हळीसारखी खोलगट जाड पानं, टोकाला कुणी कुरतडल्यासारखी. सीतेची वेणी. “घाटातली आहे ताई, एकदम ओरिजनल. तीनशेला एक.” मुळांना झाडाची साल अजून चिकटलेली होती. ओढून काढताना काही मुळांचं वरचं आवरण सोलवटून आतला दोऱ्यासारखा गाभा उघडा पडला होता.

माझा हात पुढे गेला. तो मी मागे घेतला, पण आधी पुढे गेला होता, आणि मला आज त्याच हाताबद्दल लिहायचं आहे.

आमच्या गॅलरीच्या ग्रिलला चोवीस आकडे आहेत आणि त्यातला एक रिकामा आहे. बाकीच्या तेविसांवर कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाची सोडणं भरलेल्या टोपल्या टांगल्या आहेत. नऊ वर्षांपूर्वी एक टोपली होती. सहकाऱ्यांनी निरोप समारंभात दिलेलं जांभळं डेंड्रोबियम. ते फुललं, तेव्हा दुसरं आणलं. मग ऑन्सिडियम, मग वांडा. झाडं वाढवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं की एक झाड फुललं की मन तृप्त होत नाही, ते पुढच्या झाडाकडे वळतं. रिकामा आकडा रोज सकाळी डोळ्यांत खुपतो. ‘जागा आहे’ एवढं कारण पुरतं.

सीतेची वेणी मात्र मी एकदा आणली होती. अठरा वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, कोकणातून परतताना घाटातल्या वळणावर एक बाई आणि तिची मुलगी झुबके घेऊन बसल्या होत्या. दोन घेतले. त्या वर्षी एकाला तुरा आला, पांढऱ्यावर गुलाबी ठिपक्यांची हातभर लांब खाली लोंबणारी वेणी. शेजारपाजारच्यांना बोलावून दाखवली. तो तुरा झाडानं जंगलातच साठवलेल्या बळावर काढला होता हे मला पुढे समजलं. दुसऱ्या वर्षी पानं सुरकुतली, तिसऱ्या वर्षी दोन्ही गेले. मला वाटलं, पाणी कमी पडलं. मी काय केलं होतं हे कळायला आणखी काही वर्षं जावी लागली.

खेड्यापाड्यांत आमरीला पुष्कळजण बांडगूळ म्हणतात, आणि हा तिच्यावर मोठा अन्याय आहे. बांडगूळ झाडाच्या आत मूळ खुपसून त्याचा रस ओढतं. आमरी झाडाकडून फक्त टेकायला जागा घेते. तिच्या मुळांवर एक पांढरट, स्पंजासारखं आवरण असतं; पाऊस, धुकं, सालीवरून ओघळणारं पाणी आणि त्यातून येणारी धूळ-पानांची माती एवढ्यावर ती जगते. पाणी लागलं की तीच चंदेरी मुळं बघता बघता हिरवी होतात. एका बोंडात लाखो बिया असू शकतात, पण त्या धुळीइतक्या बारीक असतात आणि कोंबाला पुरेल असा शिधा त्यांच्यात नसतो. बी सालीच्या ज्या फटीत पडेल तिथं नेमकी बुरशी भेटली, तिनं कोंबाला भरवलं, तरच रोप होतं. म्हणजे लाखांतलं एखादं. आणि त्या रोपाला पहिलं फूल यायला कित्येक वर्षं लागतात. गोणपाटातला एकेक झुबका हा असा, कितीतरी पावसाळ्यांचा ऐवज होता.

आणखी एक गोष्ट आहे. इतर फुलांसारखी आमरीच्या परागांची भुकटी नसते. सगळे पराग एकेका गोळीत बांधलेले असतात आणि किडा ती गोळी आख्खीच घेऊन जातो. त्यानं पुढं त्याच जातीच्या दुसऱ्या झाडाच्या फुलावर बसायला हवं. शेजारच्या फांदीवरचे झुबके कुणी काढून नेले, तर मागे राहिलेला झुबका फुलतो, पण त्याचा निरोप न्यायला कुणी येत नाही. आपण एक झाड उचलतो तेव्हा उरलेल्यांमधलं अंतर वाढवतो. माझ्या गॅलरीत त्या वर्षी फुललेली वेणीही अशीच कुणासाठी नव्हती. तिच्याकडे फक्त माणसं येऊन गेली.

ही हाव माझ्यापासून सुरू झालेली नाही. 1850 साली वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर खासी टेकड्यांत फिरत होता. तिथल्या ओकच्या झाडांवर त्याला निळी वांडा फुललेली दिसली. लंडनच्या क्यू बागेसाठी त्यानं सात माणसांची ओझी होतील इतकी झाडं काढली; त्यातली फार थोडी जिवंत पोचली. त्यानं स्वतःच हे आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या एका गृहस्थाच्या माळ्यानं नेलेलं एका माणसाचं ओझं तिकडे तीनशे पौंडांना विकलं गेल्याचंही त्यानं नोंदवलं आहे. असं लिहिल्यावर त्या टेकड्यांकडे कोण कोण वळलं असेल याचा अंदाज करता येतो. कोलंबियात आमरी गोळा करणाऱ्या अल्बर्ट मिलिकनचं पुस्तक 1891मध्ये आलं. त्यात दोन महिन्यांत दहा हजार झुबके मिळवल्याचं तो सांगतो आणि त्यासाठी सुमारे चार हजार झाडं तोडली हेही सांगतो. वर चढून काढण्यापेक्षा झाड पाडणं सोपं. ही माणसं क्रूर होती असं मला वाटत नाही. हूकरला झाडांविषयी जे प्रेम होतं त्याच्या पासंगालाही माझं पुरणार नाही. म्हणूनच मला भीती वाटते. प्रेम असलं की हात आपोआप आवरतो, असं काही नाही.

आज कायदा आहे. आमरीचं संपूर्ण कूळ आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात आहे. परवान्याशिवाय सरहद्द ओलांडता येत नाही. आपल्या वन्यजीव कायद्यात 1991च्या दुरुस्तीनं ज्या मोजक्या वनस्पती आल्या त्यांत निळी वांडा, लाल वांडा आणि लेडीज स्लिपर म्हणजे पॅफिओपेडिलम आहेत. राखीव जंगलातून काहीही विनापरवाना काढणं गुन्हाच. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेनं 2019मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीनुसार भारतात आमरीच्या 1256 जाती आहेत, त्यातल्या 388 फक्त इथेच, जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. आणि या 388पैकी जवळजवळ एक तृतीयांश पश्चिम घाटात. पण बाजारात टेम्पोमागे गोणपाट उलगडतं तेव्हा तिथं कायदा उभा नसतो. तिथं दोनच माणसं असतात.

त्या दोघांपैकी विकणाऱ्याचा न्याय करायला मी बसलेली नाही. घाटातल्या त्या बाईला दोन झुबक्यांचे जे पैसे मिळाले त्यात तिच्या मुलीची वही आली असेल. तिच्याकडून ते झाड कुणी काढवून घेतलं असेल तर ते मी घेतलं. विकत घेणाऱ्यानं मागितलं नसतं तर ती चढली नसती. ‘मी नाही घेतलं तरी कुणीतरी घेणारच’ हे वाक्य मी स्वतःला अनेकदा ऐकवलं आहे. हिशेब म्हणून ते खरंही असेल, पण त्यानं माझ्या हातात काय आहे ते बदलत नाही.

आता या सगळ्यात एक मोठा दिलासा आहे, आणि तो मनापासून सांगायला हवा. 1922मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लुईस नडसन यांनी दाखवून दिलं की साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर आमरीचं बी बुरशीशिवायही रुजतं. 1960च्या सुमाराला फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या टोकाच्या कणापासून हुबेहूब रोपं तयार केली. आज रोपवाटिकेत तीन-चारशे रुपयांना मिळणारं फॅलेनॉप्सिस याच बाटल्यांतून येतं. त्यासाठी कुठल्याही फांदीवरून काही सोलवटलेलं नसतं. ज्यांना आमरी हवी त्यांनी ती जरूर घ्यावी आणि घेताना विचारावं, टिश्यू कल्चरची आहे का? साल चिकटलेली, पानं फाटकी, कुंडीत काल कोंबल्यासारखी दिसली तर तिथून निघून यावं.

माझ्या गॅलरीतली तेवीसही आता अशीच आहेत. तरी रिकाम्या आकड्याचा प्रश्न सुटलेला नाही.

1930मध्ये पुण्याच्या येरवडा तुरुंगातून गांधीजी दर आठवड्याला आश्रमवासीयांना एकेका व्रतावर पत्र लिहीत. अस्तेयाविषयी लिहिताना ते चोरीची व्याख्या फार पुढे नेतात. गरज नसताना घेतलेली वस्तू, मग ती देणाऱ्याच्या संमतीनं का असेना, चोरीच, असं त्यांचं म्हणणं. असंग्रह त्याच्याच पाठोपाठ येतो. तरुणपणी मला हे अतिरेकी वाटायचं. टोपल्या पाण्यात बुडवताना आता वाटत नाही. गरजेचं माप मला पूर्वी पैशात किंवा जागेत शोधावं लागे. आता ते वेळेत सापडतं. तेवीस झाडांना सकाळी पाऊण तास लागतो. वांडाला उन्हाळ्यात रोज दोनदा भिजवायला लागतं. मुलीकडे नाशिकला गेले की शेजारच्या वहिनींच्या जिवाला घोर. दोन वर्षांपूर्वी मी एक नवं कॅटलिया आणलं आणि हौसेनं तडक सगळ्यांमध्ये टांगलं. महिनाभर वेगळं ठेवायचं, पानाच्या बेचक्यात आणि मुळांपाशी पिठ्या ढेकूण आहे का बघायचं, एकाची कात्री दुसऱ्याला लावण्याआधी आचेवर धरायची, हे सगळं माहीत असून. पिठ्या ढेकूण आठ टोपल्यांत पसरला. सातांना वाचवू शकले. आठवं, ते निरोपाचं जांभळं डेंड्रोबियम, पुढच्या हिवाळ्यात गेलं. रिकामा आकडा त्याचा आहे.

नव्या झाडाचं मोल जुन्यांनी भरलं. पैसे मी दिले होते, तरी.

हे सगळं मनात असतानाच या मे महिन्यात आजऱ्याहून आत्याचा फोन आला. वळवाच्या वाऱ्यानं परड्यातल्या आंब्याची मोठी फांदी मोडली होती आणि तिच्यावर सीतेच्या वेणीचे तीन झुबके होते, दोन तुऱ्यांवर. “तुला हवी होती न्हवं? फांदी तर मेलीच. घिऊन जा.” झाड आत्याचं. फांदी वाऱ्यानं पाडलेली. झुबके तसेच पडून राहिले असते तर मेले असते. चोरी नाही, कायदा आड येत नाही, देणारी प्रेमानं देते आहे. आकडा रिकामा. याहून निर्मळ संधी कुठली येणार?

मी गेले. दोन दिवस फांदीपाशी बसून मुळं सालीसकट सुटी केली, करवतीनं साल कापत, एकही न ओढता. तुरे अजून ताजे होते. आत्यानं त्यातला एकही तुरा तोडू दिला नाही. गाडीत ठेवायला मी पिशवी आणलेली होती. ती आत्यानं पाहिली आणि काही बोलली नाही. मग मीच तिच्याकडे जुनं सुती लुगडं मागितलं. त्याच्या पट्ट्या फाडल्या. आत्याच्या नातवानं शिडी धरली. दोन झुबके त्याच आंब्याच्या उरलेल्या खोडावर बांधले, पूर्वेच्या बाजूला, जिथं दुपारचं ऊन अंगावर येत नाही. तिसरा फणसावर. तिथून चाळीस पावलांवर चिंचेवर जुनी वेणी आहे. ती दरवर्षी फुलते आणि तिच्यावर भुंगे येतात असं आत्या म्हणाली.

पावसाळाभर मी दर आठवड्याला विचारत होते. परवा भाऊबीजेला तिचा फोन आला. पट्ट्या कुजून गळून पडल्या, म्हणाली. मला धस्स झालं. “अगं, पडल्या त्या पट्ट्या. झाडं हायत तिथंच. नवी मुळं सुटल्यात, हिरवीगार टोकं, सालीला अशी घट्ट धरल्यात की बोट घालायला जागा न्हाई.”