कर्तव्यासाठी दाम का मोजावा?

आयकराचे विवरणपत्र भरण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर शासनाने प्रत्येक करदात्याला विनामूल्य द्यावे काय, हा प्रश्न वरकरणी हिशेबनिसांचा वाटतो. आमच्या मते तो मुळात न्यायाचा प्रश्न आहे. कर देणे हे नागरिकाचे कर्तव्य होय, हे आपण सारेच मान्य करतो. शाळा, रस्ते, रुग्णालये आणि दुष्काळातील पाण्याचे टँकर हे कोणाच्या तरी करातूनच उभे राहतात. परंतु ते कर्तव्य पार पाडण्यासाठी कराशिवाय आणखी काही रक्कम तिसऱ्याच माणसाच्या हाती ठेवावी लागत असेल, तर ते उचित आहे काय?

कर देणारा आणि राज्य यांच्यामध्ये नफ्यावर जगणारा मध्यस्थ उभा राहिला की काय घडते, याची साक्ष इतिहास देतो. रोमन अमलाखालील प्रदेशांत जकातीचे मक्ते दिले जात. यरीहोचा जक्कय हा अशाच जकातदारांचा मुख्य होता. त्याचे हृदयपरिवर्तन झाले, तेव्हा त्याने केवळ क्षमा मागितली नाही. अन्यायाने घेतलेले चौपट परत करण्याचे वचन दिले. आपला बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातही एके काळी महसुलाची वसुली मक्त्याने दिली जात असे. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगांनी ती पद्धत मोडून काढण्यास आरंभ केला आणि १८६५ च्या जिल्हाबंदीने वसुली पगारी अधिकाऱ्यांकडे आली. या सुधारणेमागील तत्त्व आजही लागू पडते: वसुली हे राज्याचे काम आहे आणि तिचा खर्चही राज्यानेच सोसावा.

आजचा करसल्लागार हा त्या काळचा मक्तेदार नव्हे. तो कष्टाने शिकलेला असतो आणि कामाचा मोबदला घेतो. आमचा आक्षेप त्याच्यावर नसून, साध्यासुध्या माणसालाही त्याच्यावाचून गत्यंतर नाही, या स्थितीवर आहे.

आयकर खात्याच्या संकेतस्थळावर विवरणपत्र भरण्याची साधने विनामूल्य आहेत, हे प्रथम नमूद केले पाहिजे. वेतन, बँकेचे व्याज, कापलेला कर यांची माहिती एकत्र दाखवणारे नवे वार्षिक विवरण २०२१ पासून करदात्याला पाहता येते. ३१ जुलै २०२४ पर्यंत देशभरातून ७ कोटी २८ लाखांहून अधिक विवरणपत्रे दाखल झाली. तरीही गेवराई असो की अंबाजोगाई, अनेक शिक्षक, परिचारिका, निवृत्त कर्मचारी कागदांची पिशवी घेऊन कोणाच्या तरी दाराशी जातात. साधन फुकट आहे; पण त्याची भाषा समजत नाही आणि चूक झाल्यास नोटीस येईल ही धास्ती वाटते. विनामूल्य असणे आणि वापरता येण्याजोगे असणे यांत मोठे अंतर आहे.

२०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या साध्या उत्पन्नावर कर शून्य होतो. तथापि उत्पन्न ४ लाखांच्या वर गेले की विवरणपत्र चुकत नाही. म्हणजे ज्याला शासनाला एक पैसाही देणे नाही, तोही विवरणपत्र भरून देणाऱ्याला काहीशे रुपये देतो. मुदत ठेवीवर जगणाऱ्या एखाद्या विधवेने बँकेत घोषणापत्र वेळेवर दिले नाही, तर व्याजातून कर कापला जातो. तो परत मिळवायचा तर विवरणपत्र भरणे आले. स्वतःचेच पैसे परत मिळवण्यासाठी तिने पुन्हा पैसे मोजावेत, यात न्याय कोठे आहे?

यावर एक गंभीर आक्षेप आहे. दिवाळीच्या सुमारास धारूर, पाटोदा, केज या भागांतून हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. त्यांना आयकराचे विवरणपत्र ठाऊक नसते. परंतु साबणाच्या प्रत्येक वडीवर ती वस्तू व सेवा कर भरतात. पगारदाराच्या सोयीचा खर्च त्यांच्याही खिशातून का जावा? गरजूंनाच ही सोय द्यावी आणि सुस्थितीतल्यांनी आपला खर्च आपण करावा, असे का म्हणू नये?

हा आक्षेप आम्हाला हलका वाटत नाही. परंतु मतदानाची पेटी श्रीमंतासाठी वेगळी आणि गरिबासाठी वेगळी नसते, आणि कोणाकडूनही तिचे भाडे घेतले जात नाही. जे कायदा सर्वांकडून मागतो, त्याची वाट सर्वांसाठी मोकळी असली पाहिजे. शिवाय असे साधन एकदा सिद्ध झाले की ते आणखी एकाला देण्याचा खर्च अल्पच असतो. मात्र या आक्षेपातून एक जबाबदारी निश्चित उरते. आपल्याला मिळालेल्या सोयीत ऊसतोड मजुराचाही वाटा आहे, हे ज्याला कळले, त्याने त्याच सोयीचा उपयोग खोटी वजावट दाखवण्यासाठी करणे हा दुहेरी अन्याय ठरेल.

दुसरा आक्षेप विश्वासाचा. कर घेणारा तोच आणि हिशेब मांडून देणाराही तोच, मग तो आपल्या लाभाची वजावट आपणहून सांगेल काय? अमेरिकेत २००२ मध्ये शासनाने खाजगी सॉफ्टवेअर कंपन्यांशी करार केला: कंपन्यांनी काही करदात्यांना मोफत सेवा द्यावी आणि शासनाने स्वतःचे साधन काढू नये. पुढे २०२४ मध्ये शासनाने १२ राज्यांत स्वतःचे साधन चालवून पाहिले, २०२५ मध्ये ते २५ राज्यांत नेले आणि त्याच वर्षी २०२६ च्या हंगामासाठी ते बंद केल्याचे कळवले. आपल्याकडे ७ जून २०२१ रोजी सुरू झालेले आयकराचे नवे संकेतस्थळ इतके अडखळले की विवरणपत्रांची मुदत वाढवावी लागली. शासनाचे साधन म्हणजे निर्दोष साधन नव्हे. म्हणूनच ते सर्वांना मिळावे, पण त्याची सक्ती कोणावरही नसावी. ज्याचा व्यापार गुंतागुंतीचा आहे, तो सल्लागाराकडे जाईल आणि त्याने जावेही. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत वार्षिक दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या व्यापाऱ्यांना हिशेबाचे सॉफ्टवेअर विनामूल्य देऊ केले गेले, ते याच दिशेचे पाऊल होते.

जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी तपासणी केली. काही मध्यस्थ खोट्या वजावटी दाखवून परतावा मिळवून देत आणि त्यातून दलाली घेत, असे खात्याने जाहीर केले. त्यापूर्वीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे आपणहून मागे घेतले होते. त्यांपैकी कित्येकांनी, आपल्या नावाने काय लिहिले जाते, हे कदाचित पाहिलेही नसेल. परंतु विवरणपत्राखालील प्रतिज्ञा करदात्याची असते, मध्यस्थाची नव्हे. आपले सत्य आपण स्वतः लिहावे, निदान वाचून तरी पाहावे, यासाठीही ते साधन साध्या मराठीत आणि आपल्या हाती असणे अगत्याचे आहे.

शासनाने एवढे केले तरी काम अर्धेच होईल. आपल्या धर्मग्रामांत संगणक जाणणारे तरुण कमी नाहीत. मुदत संपण्यापूर्वीचे दोन-तीन रविवार त्यांनी वृद्धांशेजारी बसून विवरणपत्र वाचून दाखवण्यास दिले, तर ती मोठी सेवा होईल. राज्याला ठाऊक असलेले आकडे यंत्र भरील. रोखीने आलेले घरभाडे आणि शिकवणीची फी यांचे रकाने मात्र ते रिकामेच ठेवील. ते भरण्याचे काम प्रत्येकाच्या सदसद्विवेकबुद्धीचे आहे.