माझा पाऊस, दादाचा कापूस

पावसाळ्यात चिखलदऱ्याला जाणारी माणसे निराळी आणि दिवाळी आटोपल्यावर जाणारी निराळी. पहिली हौशी, दुसरी काटकसरी. आम्ही दुसऱ्या वर्गातले. कार्तिकात गर्दी ओसरते, खोल्या स्वस्त मिळतात, चालायला थंडी बरी असते. धबधबे तेवढे आटलेले असतात. पण त्यापायी भाडे कमी होत असेल, तर आम्हां अकोलेकरांची तक्रार नसते.

तर गेल्या कार्तिकात मी आणि माझे साडू, शनिवार-रविवार पायी भटकायचे ठरवून परतवाड्याहून घाट चढलो. साडू अमरावतीचे. वाटभर त्यांनी गाविलगडाचा इतिहास ऐकवला. 1803 च्या डिसेंबरात वेलस्लीने हा किल्ला घेतला. पुढे 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. "म्हणजे नेपोलियनला हरवायची रंगीत तालीम आमच्या जिल्ह्यात झाली!" साडू छाती फुगवून म्हणाले. त्या तालमीत किल्ला भोसल्यांच्या हातून गेला, ही गोष्ट त्यांनी भीमाने कीचकाला टाकले त्याच दरीत टाकून दिली.

शक्कर तलावाशी पोहोचतो तोच पाऊस आला. छत्र्या अर्थातच अकोल्याला. थेंबाथेंबाने तलाव उकळल्यासारखा दिसू लागला, मग धुके उतरले आणि तलावच नाहीसा झाला. रात्रभर पत्र्यावर ताशा वाजत होता. सकाळी भीमकुंडाशी गेलो, तर कड्यावरून पांढरीशुभ्र धार! कालापाणी तलावाच्या वाटेवर बूट चिखलात रुतले, चष्मा धुक्याने आंधळा झाला, आणि पन्नाशी उलटलेले आम्ही दोघे शाळा बुडवलेल्या पोरांसारखे खिदळत होतो. हंगाम नसताना हंगामाचा माल फुकट मिळाला होता.

त्याच भरात मी दादाला फोन लावला. दादा दर्यापूरकडे आमच्या गावी असतो.

"दादा, काय पाऊस आहे म्हणून सांगू!"

पलीकडे थोडा वेळ कोणी बोलेना. मग दादा म्हणाला, "सांगू नोको. इथंबी तोच हाय."

माझ्या पोटात धस्स झाले. सीतादही करून पहिली वेचणी झाल्याचे त्यानेच मला मागल्या आठवड्यात सांगितले होते. म्हणजे दुसऱ्या वेचणीचा कापूस झाडावर फुटून उभा होता. भिजलेल्या बोंडातला कापूस पिवळा पडतो, सरकीला कधीकधी झाडावरच कोंब येतात. आणि सरकारी खरेदीत 8 टक्के ओलावा चालतो, त्यापुढे भाव कापतात, 12 च्या वर गेला की गाडी परत. ज्या पाण्याने माझा धबधबा सुरू झाला, त्यानेच दादाचे वर्ष बसत होते.

मी ताबडतोब दुःखी व्हायचे ठरवले. तोंड पाडून चालू लागलो. पण पाय ऐकेनात; दरीत ढग उतरले की डोळे तिकडेच. साडू म्हणाले, "तुम्ही सुतक धरल्याने कापूस वाळणार आहे का?" मुद्दा बिनतोड होता. शिवाय पाऊस तरी कोणा एकाचा? दादाच्या शेजाऱ्याचा हरभरा नुकताच उगवलेला. त्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारे. वरून पडेल ते गोड पाणी त्याला अमृतच. एकाच बांधाच्या अलीकडे शिवी आणि पलीकडे नमस्कार.

तरी मन निवेना. पावसात आनंद झाला, याची मला लाज वाटत नव्हती. लाज वाटली ती याची, की शनिवारी दुपारपासून रविवारी सकाळपर्यंत मला दादाची आठवण म्हणून झाली नाही. ज्या वावराच्या सातबारावर माझेही नाव आहे आणि ज्याची तूर दरवर्षी घरपोच येते, ते वावर मला त्या पावसात एकदाही दिसले नाही. माणूस भिजतो तेव्हा फक्त आपल्यावरच पाऊस पडतोय असे त्याला का वाटते?

दुपारी साडूंना परतवाड्याला सोडून मी दर्यापूरची एस.टी. धरली. घरी पाहतो तो ओसरी, माजघर, देवघराचा उंबरा, सगळीकडे ओला कापूस पसरलेला. वहिनी तो चाळत होती. मी पडेल चेहऱ्याने भिंतीशी टेकलो.

दादाने माझे बूट पाहिले. "भीमकुंड चालू होतं का रे?"

"होतं," मी चोरासारखा बोललो.

"सांग ना मंग. काहून मेल्यावानी बसला? शाळेच्या ट्रिपमधी पाह्यलं होतं मी. त्याच्यानंतर जमलंच नाही."

मी सांगितले. धुके, तलाव, साडूंचा नेपोलियन, सगळे. दादा कापूस चाळता चाळता हसत होता. मधेच म्हणाला, "लेका, कोणाले तरी त्या पावसाचं सुख झालं ना!" त्यात टोमणा होता का, हे मी अजून शोधतो आहे. सापडलेला नाही.

रात्री माजघरात कापसाच्या कडेने मला अंथरूण मिळाले. कापूस वाळावा म्हणून टेबलफॅन रात्रभर चालू होता. कार्तिकाची थंडी, त्यात तो वारा. दात वाजत होते. दोनदा बटणापर्यंत हात गेला.

बंद मात्र केला नाही. त्या पावसातला तेवढाच माझा वाटा.